सैनिक झोपतो ती जागा आणि 'तात्पुरता' हा शब्द

तैनातीवरचा सैनिक चोवीस तासांतले सहा-सात तास झोपलेला असतो. त्या वेळी अंगात बुलेटप्रूफ जॅकेट नसतं, डोक्यावर हेल्मेट नसतं, आणि तो रोज त्याच वेळी त्याच खाटेवर असतो. शेजारी आणखी दहा-वीस जण तसेच पडलेले असतात. हल्ला करणाऱ्याला याहून सोयीचं लक्ष्य मिळत नाही. तरीही जगभरच्या सरकारांच्या फाइली पाहिल्या, तर पैसा आधी गाड्यांच्या चिलखताला जातो, मग कुंपणाला आणि कॅमेऱ्यांना. राहायच्या जागेचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो, बहुतेकदा माणसं गेल्यानंतर.

याचं कारण कंजुषी असं सरसकट म्हणता येत नाही. माझ्या मते खरं कारण एका शब्दात आहे: तात्पुरता. तळ तात्पुरता, म्हणून तंबू तात्पुरते, म्हणून भिंती 'सध्या नकोत'. सहा महिन्यांत माघार घ्यायची असेल तर पक्क्या छपरावर खर्च का करायचा, हा प्रश्न बैठकीत रास्त वाटतो. पण तोच प्रश्न सहा महिन्यांनी परत विचारला जातो, परत तेच उत्तर मिळतं, आणि बघता बघता तंबूला चार वर्षं होतात.

ब्रिटिश फौजांचं इराकमधल्या बसऱ्यात हेच झालं. 2003 साली त्या तिथे गेल्या, लढाऊ मोहीम संपली 2009च्या एप्रिलअखेर. मधल्या काळात विमानतळावरच्या तळातले बरेचसे सैनिक तंबूंत झोपत होते. 2007 साली रॉकेट आणि उखळी तोफांचा मारा शिगेला पोचला आणि 19 जुलैला त्याच तळावर रॉयल एअर फोर्स रेजिमेंटचे तीन जवान ठार झाले. त्या काळात वापरलेला उपाय जवळून पाहण्यासारखा आहे. तंबूच्या आत प्रत्येक खाटेभोवती काँक्रीटच्या ठोकळ्यांची बुटकी भिंत, वर आडवा पत्रा आणि त्यावर वाळूची पोती. म्हणजे तंबूत तंबू नाही, तर माणसाच्या मापाचा खण. आत शिरायचं सरपटत, उकाडा भयंकर, आणि उठून बसायलाही जागा नाही. पण तंबूपासून दहा मीटरवर गोळा पडला तरी आतल्या माणसाला किरचा, म्हणजे फुटलेल्या गोळ्याचे उडणारे तुकडे, लागत नव्हत्या. हा उपाय स्वस्त होता, जागच्या जागी होण्याजोगा होता, आणि म्हणूनच तो पहिल्या वर्षीही करता आला असता असं मला ठामपणे वाटतं.

अमेरिकी संयुक्त नियमावलीत 2000च्या दशकात तळांच्या बांधकामाची वर्गवारी मुदतीवर केलेली होती: सहा महिन्यांपर्यंत 'प्रारंभिक', चोवीस महिन्यांपर्यंत 'तात्पुरता', दोन ते दहा वर्षं 'अर्धस्थायी'. सांडपाण्याचे पाइप, रस्ते, वीज यांसाठी ही वर्गवारी योग्यच आहे. पण किरच मुदत विचारून येत नाही. उखळी तोफेचा गोळा पहिल्या रात्री पडला काय नि सातशेव्या रात्री काय, तंबूच्या कापडातून तो सारखाच पलीकडे जातो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतही तंबूंतल्या मुक्कामाला सहा महिन्यांची मर्यादा आहे. त्यानंतर पक्का निवारा देता आला नाही तर संयुक्त राष्ट्रं सैन्य पाठवणाऱ्या देशाला जादा भरपाई देतात. तो नियम राहणीमानाचा आहे, संरक्षणाचा नाही. मालीतल्या किदालच्या छावणीवर 2015च्या नोव्हेंबरात रॉकेटं पडली आणि 2016च्या फेब्रुवारीत स्फोटकांनी भरलेली गाडी घुसली, तेव्हा हा फरक डोळ्यांसमोर आला.

अंतर

आता प्रत्यक्ष कामाकडे. स्फोटापासून वाचवणारी सगळ्यांत स्वस्त गोष्ट म्हणजे अंतर. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, आणि त्याचा हिशेब घनमुळाचा आहे: अंतर दुप्पट केलं तर तोच परिणाम साधायला आठपट स्फोटक लागतं. पंचवीस मीटरवरचं कुंपण पन्नासवर नेलं की हल्लेखोराला दुचाकीऐवजी ट्रक आणावा लागतो. ट्रक लपवणं अवघड, आणि रस्त्यात अडवणं सोपं.

खोबर टॉवर्सची घटना याच कारणाने प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवली जाते. सौदी अरेबियात धाहरानजवळ 25 जून 1996च्या रात्री एक टँकर कुंपणाशी येऊन उभा राहिला. तिथून 131 क्रमांकाची आठ मजली इमारत जेमतेम पंचवीस मीटरवर होती. अमेरिकी हवाई दलाचे 19 जण ठार झाले, जखमी शेकड्यांनी. कुंपण पुढे सरकवावं अशी मागणी यजमान देशाकडे आधीच झालेली होती. ती मान्य झाली नव्हती. खिडक्यांच्या काचांवर चिकटवायची संरक्षक फिल्म पंचवार्षिक योजनेत पुढे ढकलली होती. बहुतेक जवानांची नेमणूक 90 दिवसांची, त्यामुळे धोका कळेपर्यंत माणूस बदललेला. छतावरच्या संतऱ्यांनी टँकर ओळखला, पण इमारतीला भोंगा नव्हता. वरच्या मजल्यांपासून दारं ठोठावत ते खाली येऊ लागले आणि काही मिनिटांत स्फोट झाला. जिन्यात पोचलेले बरेच जण त्या जिन्याच्या भिंतींमुळेच वाचले.

आणखी एक गोष्ट या घटनेत फारशी बोलली जात नाही. सात महिने आधी, 13 नोव्हेंबर 1995ला, रियाधमध्ये स्फोट झाला होता. तो बॉम्ब साधारण 100 किलोचा होता. तळांवरच्या उपायांचं मोजमाप त्या बॉम्बवर बेतलेलं राहिलं. खोबरचा बॉम्ब जनरल डाउनिंग यांच्या चौकशीने सुमारे 1.4 ते 3.6 टनांच्या दरम्यान धरला, आणि नंतरचे अंदाज त्याहूनही वर गेले. मागच्या हल्ल्याच्या मापाचा अंगरखा शिवायचा ही सरकारी सवय फार जुनी आहे, आणि ती दर वेळी महाग पडते.

त्यानंतर अमेरिकेने इमारतींसाठी किमान मानकं ठरवली. 2003च्या सुमाराच्या आवृत्तीत अकरा किंवा अधिक एकट्या राहणाऱ्या सैनिकांची इमारत म्हणजे 'बराक', तिच्यापासून नियंत्रित कुंपण 45 मीटर, आतले रस्ते आणि पार्किंग 25 मीटर, आणि भिंतीलगतची दहा मीटर जागा अशी मोकळी की कुणी पिशवी ठेवली तर लांबून दिसावी. हा शेवटचा दंडक सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त मोडला जाणारा आहे. कचऱ्याचे डबे, पाण्याच्या टाक्या, जनरेटर, रिकाम्या पेट्या हळूहळू बराकीला चिकटत जातात. तळ जितका जुना, तितकी ती दहा मीटर भरलेली.

काचेबद्दल एक सावधगिरी. फिल्म लावली म्हणजे काम झालं असं समजू नये. फिल्म काचेचे तुकडे एकत्र धरते. पण काच चौकटीला पक्की बांधलेली नसेल तर अख्खं तावदान एकसंध खोलीत येतं, आणि ते तुकड्यांपेक्षा कमी घातक नसतं. फिल्मच्या कडा चौकटीला पट्टीने किंवा बांधकामाच्या सिलिकॉनने धरल्या पाहिजेत. नव्या बांधकामात दोन 3 मिलिमीटर काचांमध्ये पाऊण मिलिमीटरचा चिवट थर घातलेली लॅमिनेटेड काच घ्यावी, आणि काचेबरोबर चौकट आणि ती भिंतीत धरणारे बोल्टही त्याच ताकदीचे घ्यावेत. निविदेत काच लिहिली जाते, बोल्ट राहून जातात.

भिंत

तळावर सगळ्यांत जास्त दिसणारी वस्तू म्हणजे हेस्को: जाळीच्या पेट्या, आतून जाड कापडी अस्तर, आणि त्यात माती. मुळात हा शोध पूर आणि किनाऱ्याची धूप थोपवण्यासाठी इंग्लंडमधल्या लीड्सच्या जिमी हेसेल्डन यांनी लावला होता. 1991च्या आखाती युद्धापासून तो छावण्यांत आला. नेहमी वापरला जाणारा मिल-1 हा नग 1.37 मीटर उंच, 1.06 मीटर रुंद आणि सुमारे 10 मीटर लांब. त्यात साधारण साडेचौदा घनमीटर माती बसते, म्हणजे कोरडी धरली तरी 23 टन.

आता हिशेब पाहा. पाचशे जणांची छावणी, दहा जणांचा एक तंबू, म्हणजे पन्नास तंबू. तंबू 10 बाय 6 मीटरचा आणि चहूबाजूंनी मीटरभर जागा सोडली तर भिंतीचा घेर 40 मीटर. प्रत्येक तंबूला चार नग. शेजारच्या तंबूंची भिंत सामाईक धरली तर पन्नास तंबूंना दोनशेऐवजी सव्वाशे नग पुरतात. सव्वाशे नगांना माती सुमारे 1,800 घनमीटर, म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या 180 फेऱ्या. आणि ही झाली एकच पातळी. 1.37 मीटरची भिंत खाटेवर आडव्या असलेल्याला झाकते, बसलेल्यालाही झाकते. उभ्या माणसाचं डोकं आणि खांदे मात्र उघडे राहतात. दुसरी पातळी चढवायची तर खाली दोन रांगा शेजारी-शेजारी आणि वर एक, म्हणजे तिप्पट नग, तिप्पट माती, 540 फेऱ्या. एका रांगेवर एक रांग उभी केलेली भिंत पहिल्याच पावसाळ्यात कलते.

यात उशिराची खरी किंमत कळते. रिकाम्या माळावर आधी भिंतींची आखणी करून मग तंबू ठोकले तर लोडर मोकळा फिरतो आणि दिवसाला डझनावारी नग भरून होतात. तंबू आधी, भिंती नंतर असं झालं की लोडरला लागणारी चार-पाच मीटरची वाट तंबूंच्या दोऱ्या, वीज-केबल आणि गटारांनी व्यापलेली असते. मग तंबू पाडा, माणसं हलवा, केबल काढा, नाहीतर फावड्याने भरा. हजारो घनमीटर माती फावड्याने भरणं म्हणजे लढायला आणलेली पलटण महिनाभर बेलदारकी करणार. शिवाय मातीचा प्रत्येक डंपर फाटकातून आत येतो, आणि फाटकातून आत येणारी प्रत्येक गाडी तपासावी लागते. तळाच्या आतच मातीची खाण आखून घेणारा अभियंता या दोन्ही त्रासांतून सुटतो.

भरताना नेमकं काय चुकतं तेही सांगतो. नग ओढून सरळ लावला की जोडाच्या गुंडाळीतून पिना घातल्या आहेत का ते आधी पाहावं. एक पिन विसरली तर भरल्यावर तोच सांधा उघडतो. अस्तराची खालची झालर आत वळवलेली हवी, नाहीतर तळातून वाळू झिरपत राहते आणि दोन महिन्यांत पेटी वरून रिकामी दिसते. पहिला कप्पा काठोकाठ भरून दुसऱ्याकडे वळू नये. सगळे कप्पे आधी एक तृतीयांश भरावेत, रेषा दोरीने तपासावी, मग वर चढावं. दर वीतभर थरानंतर धुम्मसाने ठोकावं. भरायला वाळू, मुरूम, बारीक खडी चालते. मोठे दगड नकोत, कारण गोळा आदळला तर तेच किरचा होतात. काळी चिकण माती पाणी धरते आणि फुगते, म्हणून तीही टाळावी. भिंतीखालच्या जमिनीला पाण्याचा उतार दिला नाही तर बाकी सगळं नीट करूनही भिंत बसते.

काँक्रीटची उलट्या टी-आकाराची भिंत, जिला सगळे टी-वॉल म्हणतात, ती क्रेनने एका दिवसात उभी राहते आणि जागा कमी घेते. साडेतीन मीटरच्या वरची उंची, वजन पाच-सहा टन. किरचा आणि सरळ गोळीबार यांना ती उत्तम. पण मोठ्या गाडीबॉम्बसमोर भिंतीवर सगळा भरवसा ठेवू नये. दाबाची लाट भिंतीवरून वळून पलीकडे पुन्हा जुळते, आणि आडोसा मिळतो तो भिंतीमागच्या थोड्याच पट्ट्यात. भिंत अंतराची जागा घेत नाही हे जो मंत्री किंवा सेनापती सही करणार आहे त्याला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितलंच पाहिजे. 'भिंत उभारली, आता कुंपण तिथेच राहू दे' हा सौदा फाइलवर सहज होतो.

छप्पर

सगळ्यांत अवघड प्रश्न छपराचा आहे, कारण इथे वजन आड येतं. जुन्या युद्धअभियांत्रिकी पुस्तिकांत हवेत फुटणाऱ्या गोळ्यांच्या किरचांसाठी डोक्यावर किमान 45 सेंटिमीटर माती सांगितली आहे. वीस फुटी कंटेनरचं छप्पर सुमारे पंधरा चौरस मीटर. त्यावर 45 सेंटिमीटर माती म्हणजे जवळपास साडेदहा टन. भिजली की तेरा टनांपुढे. कंटेनर मजबूत असतो, पण त्याची ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत असते. मधल्या पत्र्याची मानक चाचणी जेमतेम 300 किलोची, तीही दोन फूट बाय एक फूट जागेवर, म्हणजे वर चालणाऱ्या दोन-तीन माणसांइतकी. बाजूचा पन्हाळी पत्राही मातीचा आडवा रेटा सोसायला बनवलेला नसतो. म्हणून कंटेनरच्या टपावर पोती रचत जाणं आणि कंटेनर जमिनीत पुरणं हे दोन्ही उपाय जीवघेणे आहेत. छप्पर मध्येच खचतं, बहुतेक वेळा पावसाच्या रात्री, शत्रूच्या मदतीशिवाय.

यातला बरोबर मार्ग असा. कंटेनरच्या बाहेर स्वतंत्र पोलादी खांब, त्यांना स्वतःचा पाया, त्यावर तुळया आणि त्यावर मातीचा थर. कंटेनरवर एक किलोही भार येता कामा नये. त्याच्याही वर, मोकळी जागा सोडून, पातळ पत्र्याचा किंवा प्लायवूडचा आणखी एक थर द्यावा, म्हणजे गोळा वरच फुटेल आणि मातीच्या वाट्याला फक्त किरचा येतील. हिशेब करताना ओल्या मातीचं वजन, म्हणजे घनमीटरला दोन टन, धरावं. छप्पर नेमकं कोणत्या शस्त्रासाठी आहे हे मंजुरीच्या कागदावर लिहावं. 'पक्कं छप्पर' एवढंच लिहिलं की ठेकेदार उन्हापावसासाठी बांधतो आणि सैनिक समजतो की रॉकेटपासून सुटलो.

पोत्यांचंही एक वेगळं शास्त्र आहे. पाऊण भरायची, तोंड आत दुमडायचं, विटांसारखे सांधे मोडत आडवी-उभी रचायची आणि फळीने ठोकायची. प्लास्टिकच्या विणीची पोती कडक उन्हात काही महिन्यांतच विरतात. बदलायची पोती आधीच साठ्यात नसतील तर ते छप्पर एका उन्हाळ्याचं समजावं.

जॉर्डनमधल्या टॉवर 22 या तळावर 28 जानेवारी 2024च्या पहाटे ड्रोन राहायच्या कंटेनरांवर येऊन आदळला. तीन अमेरिकी राखीव सैनिक झोपेतच गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. आजूबाजूच्या तळांवर ड्रोन येत असल्याचं महिनोन्महिने माहीत होतं. आता ड्रोनमुळे छपराइतकंच दार महत्त्वाचं झालं आहे. दारासमोर आडवी भिंत, जाळीचा पडदा आणि नागमोडी वाट या गोष्टी कुठल्याही सुतार-लोहाराकडून होतात.

गर्दी

बैरूतची कथा मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे कुणी हयगय केली म्हणून माणसं एका इमारतीत गोळा झाली नव्हती. काळजी होती म्हणूनच ती गोळा झाली होती. विमानतळावरची ती चार मजली काँक्रीटची इमारत तोफगोळे आणि बंदुकीच्या माऱ्यापासून उत्तम आडोसा देत होती. म्हणून अमेरिकी मरीन तुकडीतले सुमारे साडेतीनशे जण तिच्यात राहत होते. 23 ऑक्टोबर 1983च्या रविवारी सकाळी ट्रक तारांचं कुंपण तोडून आत शिरला. नियमानुसार संतऱ्यांच्या बंदुकांत मॅगझिन नव्हतं. 241 अमेरिकी सैनिक गेले. काही मिनिटांतच फ्रेंच छत्रीधारी सैनिकांच्या इमारतीवर तसाच हल्ला झाला, तिथे 58 जण गेले. नंतर अॅडमिरल लाँग यांच्या आयोगाने एका इमारतीत इतकी माणसं ठेवण्यावर बोट ठेवलं. एका शस्त्रापासूनचा आडोसा दुसऱ्या शस्त्राला ढीग रचून देतो.

चाळीस वर्षांनी युक्रेनमधल्या मकिइव्का इथे तेच. 2023च्या पहिल्या रात्री रशियन सैनिक एका व्यावसायिक शाळेच्या इमारतीत एकत्र होते, आणि दारूगोळाही तिथेच असल्याचं सांगितलं गेलं. रशियाने आधी 63 आणि मग 89 मृत्यू मान्य केले. मोबाइल फोन वापरल्यामुळे ठिकाण कळलं, असा खुलासा झाला. फोनने ठिकाण कळलं असेलही. पण एका रॉकेटच्या टप्प्यात एवढ्या खाटा आणि त्याच छताखाली दारूगोळा ठेवण्याचा निर्णय फोनने घेतला नव्हता.

2016च्या 18 सप्टेंबरला उरीच्या छावणीत तंबू पेटले. एका पलटणीची बदली होऊन दुसरी येत होती, त्यामुळे गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. 19 जवान गेले, त्यांतले बरेच आगीत. पठाणकोटनंतर नेमलेल्या लेफ्टनंट जनरल कॅम्पोज समितीने तळांच्या सुरक्षेचा अहवाल त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिला होता. कुंपणं आणि परिघाच्या बळकटीसाठी 1,487 कोटी रुपयांची मोठी मंजुरी आली ती 2018च्या फेब्रुवारीत, सुंजवानच्या हल्ल्यानंतर. तारखा अशा ओळीने मांडल्या की वेगळं काही बोलावं लागत नाही.

म्हणून तंबूंच्या छावणीत आगीचा विचार किरचांइतकाच करावा. चार-पाच तंबूंनंतर मातीची भिंत, म्हणजे आग आणि स्फोट दोन्ही तिथेच अडतील. भिंत आणि कापड यांत मीटरभर अंतर. रॉकेलच्या शेगड्या आणि इंधनाचा साठा झोपण्याच्या रांगांपासून दूर, मध्ये मातीचा बांध घालून. प्रत्येक तंबूला दोन वाटा. आणि बदलीच्या आठवड्यात, जेव्हा जुने-नवे एकाच वेळी तळावर असतात, तेव्हा एका छताखाली किती माणसं याची कमाल संख्या लेखी हवी. ती संख्या ओलांडायची असेल तर वरच्या अधिकाऱ्याची सही लागावी.

इशारा आणि नोंद

रडारवर आधारलेली इशारा-यंत्रणा आणि वाटेतच गोळे फोडणाऱ्या 20 मिलिमीटरच्या फॅलँक्स तोफा बगदाद आणि बसऱ्यात वापरल्या गेल्या, आणि त्यांनी जीव वाचवले. पण इशाऱ्याचे सेकंद कुणासाठी आहेत हे नीट पाहावं. जागा माणूस पाच सेकंदांत जमिनीवर आडवा होतो. गाढ झोपेतला माणूस पाच सेकंदांत फक्त डोळे उघडतो. त्याच्याकडून पन्नास मीटरवरच्या बंकरात पळण्याची अपेक्षा करणं चूक आहे. उघड्यावरून धावताना तो जास्त धोक्यात असतो. झोपण्याच्या जागेसाठी नियम एकच असावा: खाट हाच आडोसा. बंकर जेवणघर, कपडे धुण्याची जागा आणि कवायतीचं मैदान यांच्यासाठी. जेवणघराचंही तेवढंच अगत्य हवं. 21 डिसेंबर 2004ला मोसुलच्या तळावर भोजनाच्या तंबूत आत्मघातकी हल्ला होऊन 22 जण गेले, तेव्हा शेजारीच पक्क्या भोजनगृहाचं बांधकाम चालू होतं.

इराकमधल्या ऐन अल-असद तळावर 8 जानेवारी 2020ला इराणची क्षेपणास्त्रं पडली. इशारा मिळाला होता, बरीच माणसं हलवली होती, बाकीचे बंकरांत होते, आणि कुणी मेलं नाही. पहिल्या दिवशी कुणालाही इजा नाही असं जाहीर झालं. मग मेंदूला मार बसलेल्यांचा आकडा 11 झाला, पुढे 34, 50, 64, आणि शेवटी 110. ते आडोसे रॉकेटसाठी बांधलेले होते. क्षेपणास्त्राची किरच त्यांनी अडवली, पण दाबाची लाट अडवणं त्यांच्या कुवतीबाहेर होतं. म्हणून हल्ल्यानंतर चोवीस तासांत, रक्त आलं असो वा नसो, ठरलेल्या अंतरातल्या प्रत्येकाचं नाव, तो कुठे होता आणि कशाच्या आड होता, हे नोंदवलं पाहिजे. ही नोंद नसेल तर पाच वर्षांनी डोकेदुखी आणि विसराळूपणा घेऊन आलेल्या माणसाला पेन्शनच्या खिडकीवर पुरावा मागितला जातो.

सही

ब्रिटनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली इराकमध्ये मेलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांचे दावे फेटाळायला नकार दिला. रणांगणातल्या निर्णयांना असलेलं संरक्षण खरेदी आणि तयारीच्या, रणांगणापासून दूर घेतलेल्या निर्णयांना आपोआप लागू होत नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. तो खटला गाड्या आणि रणगाड्यांचा होता, तरी तंबूलाही तेच तत्त्व लावायला हवं असं मला वाटतं. भिंत बांधायची की नाही हा निर्णय गोळीबारात घेतला जात नाही. तो कार्यालयात, दिवसाढवळ्या, विचार करायला वेळ असताना घेतला जातो.

त्या फाइलवर काय असावं? तळाची अपेक्षित मुदत असावी, पण तिच्यावर आडोसा अवलंबून नसावा. कोणकोणती शस्त्रं त्या भागात आहेत, आणि त्यांतली कोणती पुढच्या वर्षी येऊ शकतात. एका छताखाली किती जण झोपतात. कुंपण कुणाच्या जमिनीवर आहे आणि यजमान देशाने काय नाकारलं आहे, त्याच्या पत्राच्या तारखेसह. पैसा नेहमीच्या बांधकाम-अंदाजपत्रकातून येणार की तातडीच्या निधीतून, कारण पहिल्या वाटेला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि दुसरीला काही आठवडे. नकार द्यायचा असेल तर नकार देणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कारण. 'मुदत अनिश्चित असल्याने तूर्त स्थगित' हा शेरा मान्य होऊ नये. मुदत अनिश्चित असेल तर तळ लांबणार असं धरूनच बांधायला हवं. आणि फेरविचाराची तारीख दर नव्वद दिवसांनी, तळप्रमुख बदलला की लगेच.

उभारलेली भिंतही लक्ष मागते. दर पावसानंतर ओळंबा लावून पाहावं. वीतभर कललेला नग सरळ होत नाही, तो रिकामा करून नव्याने भरावा लागतो. अस्तर उन्हाने फाटलं असेल तिथे आतून नवं कापड घालून वर माती टाकावी. छपराच्या खांबांचे बोल्ट हाताने हलवून पाहावेत, आणि पत्र्यावर साचलेलं पाणी काढावं. तपासणीच्या वहीत कोणत्या तंबूची कोणती बाजू पाहिली हे लिहून खाली सही करावी, कारण तीन महिन्यांनी येणाऱ्या पुढच्या पलटणीच्या हाती तळाचा इतिहास म्हणून तेवढी वहीच लागते.